मुंबई विमानतळाचं टर्मिनल १ पाडून नव्याने बांधणार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऊ वर्षं मी सांताक्रूझच्या टर्मिनलवर चेक-इन काउंटरमागे उभी होते. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण राहते पार्ल्यातच, त्यामुळे नातेवाईक, शेजारी, गावाकडची मंडळी विमानतळाचं काहीही असलं की मलाच फोन करतात. टी-१ पाडणार ही बातमी आल्यापासून तर रोज कुणी ना कुणी विचारतंच. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

नेमकं काय पाडणार आहेत? सगळा विमानतळ?

नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर प्रवाशांसाठी दोन इमारती आहेत. सहारची टी-२ ही २०१४ साली सुरू झाली, तिला कुणी हात लावणार नाही. पाडायची आहे ती पश्चिम द्रुतगती मार्गाच्या बाजूची, सांताक्रूझची टी-१. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तिथे वर्षाला २ कोटी प्रवासी सामावतील अशी इमारत उभी राहील. आजच्या इमारतीची क्षमता दीड कोटीच्या आसपास धरली जाते. धावपट्ट्या आहेत तिथेच आणि आहेत तेवढ्याच राहतील. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच सगळं येणार आहे.

टी-१ म्हणजे 'डोमेस्टिक' आणि टी-२ म्हणजे 'इंटरनॅशनल', बरोबर ना?

एकेकाळी बरोबर होतं. आता या समजुतीपायी माणसांची विमानं चुकतात.

मुंबईची प्रवासी विमानं आधी जुहूला उतरायची. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणलं ते जुहूलाच. १९४८ पासून ही वाहतूक सांताक्रूझला आली. तेव्हा देशातली आणि परदेशातली, दोन्ही विमानं इथूनच सुटायची. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये सांताक्रूझच्या इमारतीच्या आंतरराष्ट्रीय भागाला आग लागली, माणसं दगावली, तो भाग बंद पडला. लगेच ऑक्टोबरमध्ये आखाती देशांना जाणाऱ्यांसाठी एक तात्पुरतं 'गल्फ टर्मिनल' उभं केलं गेलं. कोकणातल्या कितीतरी घरांतला पहिला माणूस आखातात गेला तो याच काळात. मग १९८१ पासून सहारचं टर्मिनल सुरू झालं, आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे गेली आणि सांताक्रूझ देशांतर्गत प्रवासापुरतं उरलं. 'डोमेस्टिक' हा शब्द रिक्षावाल्यांच्या तोंडी बसला तो तेव्हापासून.

आजचं टी-२ मात्र दोन्हींसाठी बांधलेलं आहे. देशांतर्गत विमानांचा मोठा वाटा तिथूनच सुटतो. टी-१ वर मुख्यतः स्वस्त दराच्या कंपन्यांची विमानं असतात, आणि त्यांचीही सगळी नाहीत. म्हणून 'दिल्लीला जायचंय, म्हणजे डोमेस्टिक' असा हिशेब करू नका. तिकिटावर टर्मिनल लिहिलेलं असतं, ते वाचा.

चांगली चालती इमारत पाडायची कशाला? दुरुस्ती होत नाही का?

या प्रश्नामागे संशय असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पुनर्विकास म्हटलं की मुंबईकराला आधी बिल्डर आठवतो. पण ज्यांच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय त्यांना पुढचं चटकन कळेल.

कंपनीने पुनर्बांधणीचं मुख्य कारण इमारतीची संरचनात्मक अवस्था हेच सांगितलंय, खांबांना गेलेल्या तड्यांसकट. मुंबईची हवा खारी. पाणी आणि क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन वरचं काँक्रीट फुटतं. आधी सळईच्या रेषेत एक उभी भेग दिसते, मग गिलावा फुगतो, मग खपली पडते. आमच्या काउंटरजवळच्या एका खांबावर तपासणीला आलेला माणूस छोट्या हातोडीने खालून वर ठोकत गेला होता. तीन-चार फुटांपर्यंत टणटण आवाज येत होता, आणि त्याच्या वर एका पट्ट्यात एकदम बोदा, पोकळ. त्याने खडूने गोल काढला, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खांबाकडे गेला. त्या गोलासमोर उभं राहून मी बोर्डिंग पास दिलेत. प्रवाशांना त्यातलं काही दिसत नव्हतं, कारण खांबांवर रंग होता आणि छतावर पांढऱ्या पट्ट्या होत्या.

दुरुस्ती होते की. ठिकठिकाणी झालीही. पण टी-१ ही एक इमारत नाहीच. जुन्या इमारतीला वेगवेगळ्या दशकांत जोडलेले तुकडे आहेत ते: १ए हा १९९२ चा, १सी २०१० चा, आणि मधला १बी सगळ्यांत जुना. प्रत्येकाची उंची वेगळी, मजल्यांची पातळी वेगळी, वायरिंग आणि पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या काळातल्या. सामान तपासण्याची जी यंत्रणा आज लागते ती मुळात या इमारतींच्या नकाशात नव्हती, ती नंतर कोंबली. अशा ठिकाणी एक खांब जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नवं काँक्रीट चढवून, जाड केला की शेजारची रांग अरुंद होते. मी आत राहून पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगते: पाडणं योग्य आहे. माझी हरकत पाडण्याला नाही, कधी आणि कोणत्या क्रमाने पाडतात यावर सगळं अवलंबून आहे.

मग पाडकाम का रखडलं? २०२५ मध्येच सुरू होणार होतं ना?

हो, नोव्हेंबर २०२५ अशी वेळ सांगितली गेली होती. ती पाळली गेली नाही, आणि माझ्या मते हे चांगलंच झालं.

सोसायटीचा पुनर्विकास होतो तेव्हा रहिवासी भाड्याच्या घरात किंवा संक्रमण शिबिरात जातात. विमानतळाला संक्रमण शिबिर कुठून आणायचं? टी-२ ची क्षमता वर्षाला ४ कोटी, टी-१ ची दीड कोटी. दोन्ही मिळून साडेपाच कोटी. आणि विमानतळावरून वर्षाला जाणारे-येणारे प्रवासी आधीच ५ कोटींच्या पुढे गेलेत. टी-१ बंद केलं की कोटीभराहून जास्त लोकांना टी-२ मध्ये जागा नाही. साधी वजाबाकी आहे.

एकदा हा प्रयोग परिस्थितीने करायला लावला होता. टाळेबंदीनंतर २५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणं पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळी विमानं एकट्या टी-२ वरून सुटत होती. टी-१ मार्च २०२१ मध्ये उघडलं, महिन्याभरात दुसऱ्या लाटेने पुन्हा बंद झालं आणि १३ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झालं. टी-२ ला ते जमलं, कारण विमानं थोडी होती. दिवाळीच्या आठवड्यात तेच करून बघायचं धाडस कुणी करणार नाही.

म्हणून आमचं संक्रमण शिबिर म्हणजे नवी मुंबई विमानतळ. त्याचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि पहिली प्रवासी विमानं सुटली २५ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे टी-१ पाडायला सांगितलेल्या तारखेला तिकडे एकही प्रवासी विमान उतरत नव्हतं. पहिल्या टप्प्याची क्षमता २ कोटींची आहे, कागदावर टी-१ चे सगळे प्रवासी त्यात बसतात. पण नवीन विमानतळ एका रात्रीत पूर्ण क्षमतेने चालत नाही. चोवीस तास काम, पुरेसे कर्मचारी, पोचायला गाडी, बस, मेट्रो, हे सगळं हळूहळू उभं राहतं. तोवर टी-१ चे दरवाजे उघडे राहिले पाहिजेत.

दिल्लीने हेच नीट क्रमाने केलं. एप्रिल २०२५ मध्ये तिथलं विस्तारलेलं टर्मिनल १ पूर्ण चालू झालं, तेव्हाच टर्मिनल २ दुरुस्तीसाठी बंद केलं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा उघडलं. आधी दुसरं छप्पर तयार, मग पहिल्याला हात.

टी-२ बांधताना सहारचं जुनं टर्मिनल चालूच होतं. ते कसं जमलं? टी-१ ला तसं का नाही करत?

मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न हा. टी-२ वरून पाहिलं तर फुलीच्या आकाराचं दिसतं, हे अनेकांना माहीत असतं. पण ती फुली दिसायला सुंदर म्हणून काढलेली नाही. जुनं सहार टर्मिनल एक दिवसही बंद ठेवता येणार नव्हतं आणि नवी इमारत त्याला अगदी खेटून उभी करायची होती. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकार संस्थेने म्हणून लांबट फुलीचा नकाशा केला. काही भाग आधी बांधायचा, तिकडे विमानं हलवायची, जुन्याचा तुकडा पाडायचा, त्या जागी फुलीचा उरलेला हात पुरा करायचा. १० जानेवारी २०१४ ला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १२ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय उड्डाणं सुरू झाली, तेव्हाही सगळे हात तयार नव्हते. देशांतर्गत कंपन्या पुढच्या दोन वर्षांत एकेक करून आल्या. २०१६ च्या मार्चपर्यंत हे स्थलांतर चालू होतं.

बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं. मुख्य दालनाचं प्रचंड छप्पर फक्त ३० खांबांवर आहे आणि वर जाताना खांब कमळासारखा उमलत छतात मिसळतो. पुढच्या वेळी तिथे उभ्या राहाल तेव्हा मान वर करून बघा, छतातल्या छोट्या गोल झरोक्यांतून खाली पडणारा उजेड मोरपिसावरच्या डोळ्यांसारखा दिसतो. राजीव सेठी यांनी मांडलेली कलाभिंतही तिथेच आहे, देशभरातल्या ५,००० हून जास्त कलावस्तूंची. धावत जाताना तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवून जा.

टी-१ ला हे जमणार नाही, कारण बाजूला मोकळी जागाच नाही. एका अंगाला महामार्ग आणि वस्ती, दुसऱ्या अंगाला विमानं उभी राहण्याची जागा आणि त्यापलीकडे धावपट्टी. नवीन बांधायचं तर जुन्याच्याच पायावर.

नवं टर्मिनल झालं की जास्त विमानं सुटतील ना?

नाही. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो, पण खरं तेच आहे.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत. ०९/२७ ही मुख्य, पूर्व-पश्चिम, जवळजवळ साडेतीन किलोमीटरची. १४/३२ ही तिला तिरकी छेदून जाते. एकमेकींना छेदतात म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत, एका वेळी एकच वापरायची. अशा एका धावपट्टीवरून इथले नियंत्रक तासाला ४६ पर्यंत विमानांची ये-जा करून घेतात. ११ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या गर्दीत, चोवीस तासांत १,०३२ विमानं ये-जा करून गेली. एका वेळी एकच धावपट्टी वापरणाऱ्या जगातल्या विमानतळांत ही कामगिरी पहिल्या रांगेतली आहे. नियंत्रण मनोऱ्यात बसलेल्या त्या माणसांचं नाव कुठे छापून येत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

म्हणजे नळ तेवढाच आहे. खाली बादली मोठी ठेवली म्हणून पाणी जास्त येणार नाही.

मग मोठी बादली कशाला?

कारण प्रत्येक विमानात माणसं वाढताहेत. पूर्वी टी-१ वरून सुटणाऱ्या विमानात १८० च्या आसपास जागा असायच्या. आता त्याच जातीची लांब विमानं येतात, २२० च्या वर जागांची. तासाला ४६ म्हणजे ढोबळमानाने २३ उड्डाणं धरा. प्रत्येकी ४०-४५ माणसं जास्त, म्हणजे एकही विमान न वाढवता तासाला हजारेक माणसं जास्त. त्यांच्या बॅगा, त्यांच्या रांगा, त्यांची मुलं, त्यांच्या व्हीलचेअर. हा भार धावपट्टीवर पडत नाही, इमारतीवर पडतो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहून तुम्ही तो सोसताच आहात.

तिसरी धावपट्टी का नाही बांधत?

जागा नाही. विमानतळाच्या जमिनीवर आणि कडेने हजारो कुटुंबांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या पुनर्वसनाचं मोठं काम २००७ मध्ये एका विकासकाला दिलं होतं, ते २०१३ मध्ये रद्द झालं. त्या वस्त्यांत राहणारी कितीतरी माणसं विमानतळावरच काम करतात: लोडर, सफाईवाले, ट्रॉल्या गोळा करणारी मुलं. 'अतिक्रमण' या एका शब्दात त्यांना बसवणं मला पटत नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.

नवी मुंबई पूर्ण झाली की हा विमानतळ बंद करतील का?

नाही, दोन्ही चालणार. दोन्हींमध्ये ७४ टक्के हिस्सा अदानी समूहाचा आहे. उरलेला २६ टक्के इथे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा, तिकडे सिडकोचा. नवी मुंबईत दोन समांतर धावपट्ट्या आणि सर्व टप्पे मिळून वर्षाला ९ कोटी प्रवासी असा आराखडा आहे. मुंबईची वाढ तिकडे होणार, कारण समांतर धावपट्ट्या एकाच वेळी वापरता येतात.

पनवेल, उरण, अलिबाग, पुण्याकडच्यांची सोय होईल. बोरिवली, वसई, विरारकरांची होणार नाही. टी-१ बंद असण्याच्या काळात पश्चिम उपनगरांतल्या प्रवाशाला नवी मुंबई विमानतळासाठी पार उलव्यापर्यंत जावं लागलं, तर विमानाच्या तिकिटावर टॅक्सीचं भाडं आणि दोन तास अधिक मोजावे लागतील. आराखड्यांत हा खर्च कुठेच दिसत नाही, कारण तो प्रवाशाच्या खिशातून जातो.

टी-१ बंद असेल त्या काळात माझं विमान कुठून सुटेल, हे कसं कळणार?

तीन जागी बघा. तिकिटावर विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो: सांताक्रूझ-सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. तो आधी वाचा. मग टर्मिनलचा आकडा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री कंपनीच्या ॲपवर किंवा फोनवर पुन्हा एकदा खात्री करा, कारण टर्मिनल बदलू शकतं.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. माझी आत्या चिपळूणहून आली होती, लेकीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला निघाली होती. टर्मिनल बदलल्याचा इंग्रजी निरोप विमान कंपनीने पाठवला होता खरा, पण तिकीट काढणाऱ्या भाच्याच्या नंबरवर, आणि तो रात्रपाळी करून झोपला होता. आत्या दोन तास आधी टी-१ च्या दारात उभी. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, पाठीला गुंडाळलेली गोधडी. दारावरच्या जवानाने तिकीट पाहून सांगितलं, "मावशी, तुमचं विमान इथनं नाही, टी-टू ला जा." टॅक्सी मिळेपर्यंत आणि महामार्गावरून फिरून सहारला पोचेपर्यंत काउंटर बंद झाला होता. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. ती रात्र तिने तिथल्या खुर्चीवर काढली, लाडू मांडीवर घेऊन.

म्हणून तिकीट काढताना जो प्रवास करणार आहे त्याचाच नंबर द्या. आणि विमान कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे: टर्मिनल बदलल्याचा निरोप मराठीतून आणि हिंदीतूनही पाठवा, आणि फक्त निरोप पाठवून थांबू नका, फोन करा. पाडकामाच्या काळात असे बदल शेकड्यांनी होतील.

चुकून टी-१ वर पोचले तर टी-२ ला लवकर कसं जायचं?

मेट्रोने. ॲक्वा लाईनवर, म्हणजे मेट्रो ३ वर, टी-१, मग सहार रोड, मग टी-२ अशी ओळीने स्थानकं आहेत. मध्ये एकच स्थानक, आणि सिग्नलची भानगड नाही. दोन टर्मिनलच्या मधोमध १४/३२ धावपट्टी आहे, म्हणून रस्त्याने मोठा वळसा पडतो. मेट्रोला पडत नाही, ती जमिनीखालून जाते. ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका थेट कफ परेडपर्यंत गेली आहे. मेट्रो रात्रभर चालत नाही, त्यामुळे पहाटेच्या विमानाला तिच्या भरवशावर राहू नका.

याचे पैसे कोण देणार? तिकीट महागणार का?

आधी कंपनी घालणार आणि पुढे हळूहळू आपणच देणार. विमानतळ किती शुल्क आकारू शकतो हे भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांसाठी ठरवतं. मान्य झालेला भांडवली खर्च त्या हिशेबात धरला जातो आणि प्रवाशाच्या तिकिटात 'वापरकर्ता विकास शुल्क' म्हणून दिसतो. टी-२ च्या वेळी तर बांधकाम चालू असतानाच २००९ पासून तिकिटावर विकास शुल्क लागलं होतं, म्हणजे इमारत वापरायला मिळण्याआधीच पाच वर्षं लोकांनी तिच्यासाठी पैसे भरले.

शुल्क ठरवण्याआधी हे प्राधिकरण सल्लामसलतीचा मसुदा जाहीर करतं आणि त्यावर कुणीही हरकत नोंदवू शकतं. विमान कंपन्या नोंदवतात, प्रवासी क्वचितच. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी आणि आपण सगळ्यांनी यात लक्ष घालायला हवं.

पार्ल्याला धुळीचा आणि आवाजाचा त्रास होईल का?

होईल. विमानतळावर धुळीवर जास्तच लक्ष ठेवावं लागतं, कारण उडालेला एखादा पत्र्याचा तुकडा किंवा खडी इंजिनात गेली तर अनर्थ होतो. क्रेनच्या उंचीलाही परवानगी लागते. त्यामुळे हे काम साध्या इमारतीच्या पाडकामापेक्षा हळू आणि शिस्तीत होईल. राडारोड्याचे ट्रक मात्र आपल्याच रस्त्यांवरून जाणार, आणि त्यांच्या वेळा काय असतील हे रहिवाशांनी आत्ताच विचारून घ्यावं.

पावसाळ्याचं काय?

२६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला तो विमानतळाला लागून असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेतच. विमानतळ बंद पडला होता. मिठी नदी विमानतळाच्या आवारातून, धावपट्टीखालून जाते. नव्या इमारतीत तळघर, मेट्रोला जोडणारा भुयारी रस्ता असं काही येणार असेल, तर पाणी कुठून शिरेल आणि कुठून बाहेर काढायचं हे नकाशावर आधी हवं, दुकानं नंतर.

नवं टी-१ उघडल्यावर पहिल्या दिवशी गोंधळ होईल का?

तालीम नीट केली तर नाही. लंडनच्या हीथ्रोचं टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये उघडलं तेव्हा सामानाची यंत्रणा आणि कर्मचाऱ्यांची तयारी दोन्ही कमी पडली, शेकडो उड्डाणं रद्द झाली, हजारो बॅगा अडकल्या. त्याच हीथ्रोने जुनं टर्मिनल २ पाडून नवं बांधलं आणि जून २०१४ मध्ये उघडताना पहिल्या दिवशी थोडीच विमानं ठेवली, बाकीची पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने आणली. आपल्याकडेही तसंच व्हावं. तालमीला खोटे प्रवासी बोलावतात, तेव्हा त्यांत काठी टेकत चालणारे आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई आणि पहिल्यांदाच विमानतळ पाहणारा माणूसही असू द्या. तरण्या कर्मचाऱ्यांनी चालून पाहिलेलं अंतर खरं नसतं.

तुमच्या मते नव्या टी-१ मध्ये काय हवंच हवं?

इमारतीच्या बाहेर बसायला जागा. आपल्याकडे एक माणूस विमानात बसतो आणि पाच जण सोडायला येतात. ते वेडेपणा करत नाहीत, त्यांचं माणूस दूर जात असतं. टी-१ च्या बाहेर मी म्हाताऱ्या बायकांना पदपथाच्या कडेवर, सामानाच्या ट्रॉलीवर, फुलझाडांच्या कुंड्यांवर बसलेलं पाहिलंय. पंखा, बाक, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह, तेही दाराच्या बाहेर, तिकीट नसलेल्यांसाठी. काचेतून आतला माणूस रांगेत कुठवर पोचला ते दिसू द्या.

व्हीलचेअर मागितल्यावर तासभर थांबावं लागू नये. फलकांवर मराठी मोठ्या अक्षरांत हवी आणि ती भाषा माणसांची हवी: 'प्रस्थान' खुशाल लिहा, पण शेजारी 'विमान पकडायला इकडे' असंही चालेल. आणि सुरक्षा तपासणीतून बाहेर पडल्यावर गेटकडे जायचा सरळ रस्ता हवा. दुकानांच्या रांगांमधून वळणं घेत जाताना नवखी माणसं घाबरतात. काउंटरवर असताना गेट कुठे आहे हे मी दिवसाला शंभर वेळा सांगायचे.

तोपर्यंत टी-१ वापरणं सुरक्षित आहे का?

तपासण्या आणि डागडुजी चालू असते आणि इमारत रोजच्या वापरात आहे. धोका असेल तो भाग तातडीने बंद करणं ही चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे. मीही गेल्या महिन्यात तिथूनच गोव्याला गेले. जुन्या काउंटरजवळचा तो खांब पाहिला. त्यावर आता जाहिरातीचा उजळ पडदा आहे, खालच्या बाजूला नव्या सिमेंटचा पट्टा हाताला लागतो.